तीन पाण्यांत धुतलेली पात

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ती संस्थेच्या पायऱ्या चढून आत आली, तेव्हा दर्शनी दालनात एक खुर्ची पालथी पडली होती आणि तिच्या दोन बाजूंना दोन बायका फरशीवर बसल्या होत्या. पाहुण्यांसाठीच्या खुर्च्यांच्या बैठका फाटल्या होत्या. त्या पाणकणसाच्या पातींनीच विणून घ्यायच्या, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला संस्थेचं काम बसल्या जागी कळेल, ही संचालकसाहेबांची कल्पना होती. हे वाक्य साहेबांनी एकाच बैठकीत दोनदा टाकलं होतं आणि माणसं दोन्ही वेळा हसली होती. दोघींपैकी थोरली तिच्या ओळखीची होती. तळ्यावरच्या चाळीस विणकरणींची ती म्होरकी. तिला सगळे मावशी म्हणत. धाकटी मावशीची सून. सातवा महिना निम्मा सरलेला, त्यामुळे ती एका कुशीवर रेलून, पाय लांब करून काम करत होती. "या ताई, तुमच्याच खुर्चीची डागडुजी चाललीय," मावशी म्हणाली, "बघा, साहेब बसले तरी मोडायची नाही." ती हसली. उत्तरादाखल काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सुनेने दोन्ही हातांत एकेक पात ताणून धरली होती आणि तिसऱ्या पातीचं टोक दातांत पकडलं होतं. टोक नव्हे, बुडखा. पात पाण्याखाली जिथे खोडाला वेढून असते तो पांढुरका, जाड भाग, ज्याच्यावर गाळाचा करडा पापुद्रा वाळून बसलेला असतो. सुनेने मान मागे ओढून पात ताणली, हातातल्या दोन पाती तिच्याभोवती फिरवल्या, दातातली सोडली, जिभेने ओठ पुसले आणि दुसरी पात तोंडात धरली.

आपण त्या धुतल्या होत्या. हे वाक्य तिच्या डोक्यात आलं ते असं, अर्धवट, कर्ता-कर्म जुळायच्या आत. जिना चढताना ते पुरं झालं. तीन वर्षांत चारशे बत्तीस नमुने. प्रत्येक पात आधी नळाखाली, मग सौम्य आम्लात, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीनदा. त्याशिवाय एकही पात भट्टीत वाळायला गेली नव्हती, दळली गेली नव्हती, यंत्रावर चढली नव्हती. तसंच करायचं असतं. झाडाने मुळांतून किती शिसं ओढून घेतलं हे बघायचं, तर वरून चिकटलेली माती काढून टाकायलाच हवी. नाहीतर आकडा झाडाचा की चिखलाचा हे कसं कळणार? पहिल्या वर्गातला धडा तो. शहराच्या टोकाला बॅटऱ्यांचा कारखाना होता. तो बंद पडून कितीतरी वर्षं झाली तरी त्याच्या आवारातून येणारा नाला शिसं आणतच होता, आणि त्या नाल्याच्या वाटेत संस्थेने तळं खोदून पाणकणीस लावलं होतं. पाणकणीस मोठं सोशिक झाड. कसल्याही घाणीत उभं राहतं, गाळाला धरून ठेवतं, पुरुषभर वाढतं, विष मुळांत अडकवून ठेवतं आणि वर पातींत फारसं जाऊ देत नाही. हे तिने सिद्ध केलं होतं. मुळांत शेकड्यांनी, पातींत जेमतेम दोन. एका किलोला दोन मिलिग्रॅम. त्या दोनवर तिचा जीव होता. परिषदेत तो आकडा पडद्यावर आला की ती क्षणभर थांबायची, पाहुण्यांसमोर घरातलं गुणी पोर उभं करून आई थांबते तशी.

आणि त्या दोनवरच तिने दाखला दिला होता. मागे एकदा कोणीतरी शंका काढली, की तळं शिशाचं, मग या बायका तिथल्या पाती कशा कापतात? लगेच तळ्याला कुंपण पडलं. दहा महिने चाळीस बायका घरी बसल्या. मावशी तेव्हा आठवड्यातून एकदा संस्थेत यायची आणि काही न बोलता जिन्याखालच्या बाकावर बसून जायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही ताई, सवयीने पाय इकडे वळतात." त्या बाकाला चुकवून जाणं तिला जमेना, म्हणून तिने तीन महिन्यांचं काम पाच आठवड्यांत उरकलं, साहेबांच्या मागे लागून सही घेतली, आणि एका पानाचा कागद स्वतः नेऊन दिला. पाती विणकामासाठी सुरक्षित. खाली साहेबांची सही, त्याखाली तिची. बायकांनी तो काचेत घालून शेडच्या भिंतीवर लावला होता. तिला आठवलं, कुंपण उघडलं त्या दिवशी मावशीने तिचे दोन्ही हात हातात घेतले होते आणि ते हात किती खरखरीत आहेत एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं होतं. हातांत एवढी वर्षं काय भरलंय, हे नाही. विणायचं म्हणजे हातांनी, असं ती धरून चालली होती. विणताना तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. ती जायची तेव्हा बायका उठून उभ्या राहायच्या, पदराला हात पुसायच्या, चहा मागवायच्या. काम थांबायचं. तीन वर्षं तिच्या येण्याने काम थांबत आलं होतं.

ती जिन्यावरून परत फिरली. "मावशी, यातली एक पात नेऊ?" "एक कशाला, पेंढी न्या की!" मावशी म्हणाली. सून पात दातांत धरूनच हसली. प्रयोगशाळेत तराजू आपल्या जागेवर होता. निवृत्तीला आठ महिने राहिलेला हा सहायक. चहातली साखरही चार दशांशांपर्यंत मोजतो अशी त्याची ख्याती, म्हणून तराजू. त्याने पात तिच्या हातातून घेतली, तिच्याकडे न बघता बेसिनशी गेला आणि नळ सोडला. "धुऊ नका!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. तराजूने नळ बंद केला. पात हातात आडवी धरून तो उभा राहिला. "न धुता?" त्याने विचारलं. "न धुता." "बाई, एकवीस वर्षं तुमच्या हाताखाली काढली. पेन खाली पडलं तरी तुम्ही धुऊन घेता." "तशीच वाळवा. बुडखा वेगळा, टोक वेगळं." तो गेला, पण जाताना त्याने पात अशी लांब धरली होती की जणू शेजारच्याचं मेलेलं मांजर. तिला त्याच्यावर राग आला आणि लगेच कळलं, की हे लांब धरणं तिनेच त्याला शिकवलंय. आणि तिला तिच्या आईने. आईची भाजी तीन पाण्यांतून निघायची. पहिल्या पाण्यात माती जाते, दुसऱ्यात शंका, तिसऱ्यात आळस, असं आई म्हणायची आणि तिसरं पाणी तिच्याकडून करून घ्यायची, थंडीत, बोटं लाल होईपर्यंत. पाण्याच्या तळाशी शेवटी एकही कण दिसला नाही की आई भांड्यावर बोटाने टकटक करायची. ती टकटक म्हणजे शाबासकी. चारशे बत्तीस नमुन्यांच्या प्रत्येक शेवटच्या पाण्यात तिने त्या टकटकीसाठी डोकावून पाहिलं होतं का? असेल. माणूस कशासाठी नेटका होतो हे त्याला कुठे विचारतात?

बुधवारी दुपारी यंत्रावरचा आकडा आला. टोक: तीन. बुडखा: अठ्ठ्याऐंशी. तराजूने तो कागदावर लिहून दिला आणि आपण होऊन म्हणाला, "दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. अठ्ठ्याऐंशीच." दाखल्यातली मर्यादा पाच होती. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कोणी त्याला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. अठ्ठ्याऐंशी. एक बाई दिवसाला किती पाती दातांत धरते? शंभर? दोनशे? त्यातलं किती जिभेवर येतं, किती थुंकलं जातं, किती पोटात, आणि पोटातून पुढे किती? या 'पुढे'पाशी तिचं गणित थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शिशाचं तिला सगळं पाठ होतं. ते आईच्या हाडांत बसतं आणि पोटातल्या जिवाला कॅल्शियम लागलं की त्याच्यासोबत बाहेर पडतं. हे तिने दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं, फळ्यावर बाण काढून. आज तो बाण तिला दिसत होता. एका कुशीवर रेललेल्या, लांब पाय केलेल्या बाईत शिरणारा, खडूचा.

गुरुवारी ती साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद चष्मा काढून वाचला, चष्मा लावून वाचला. "मॅडम, मला एक सांगा. आपली पद्धत चुकली का?" "नाही." "आकडे चुकले?" "नाही." "यंत्र?" "नाही, सर." "मग चुकलं काय?" तिने कागदावरच्या अठ्ठ्याऐंशीवर बोट ठेवलं. "धुतलं, ते चुकलं." साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे वर मी काय कळवू? की आमच्या मॅडम फार स्वच्छ आहेत, क्षमस्व?" ती हसली नाही, तेव्हा तेही ओशाळले. "बरं, गंमत सोडा. एका पातीवरून दाखला मागे घेता येतो? निदान साठ नमुने पाहिजेत. त्याला मंजुरी पाहिजे. समितीची बैठक अजून अडीच महिन्यांनी." "अडीच महिन्यांत तिचं मूल जन्माला येईल, सर." "कोणाचं?" "खाली खुर्ची विणत होती, तिचं." दारावर टकटक झाली, शिपाई फाइल ठेवून गेला. "उद्या कुंपण घालायला सांगू?" शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "एका फोनचं काम आहे. पण मागचे दहा महिने आठवतात ना? तेव्हा तुम्हीच माझ्या डोक्यावर बसला होतात. तेव्हाच्या तुमच्या टिपणातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. बंदी घालणं सोपं, बंदीनंतर त्या काय करतील हे लिहिणं अवघड. मग? लिहा ना आता अवघड ते." तिला ते वाक्य आपलं वाटेना. चांगलं होतं. ती कागद घेऊन बाहेर पडली.

घरी आईने ताटं मांडली होती. नवरा वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा. त्यामुळे जेवताना कोणी बोललं की त्याची नजर वाक्याच्या शेवटी पूर्णविराम शोधत असल्यासारखी खाली जायची. तिने सगळं सांगितलं. "शुद्धिपत्रक छापा," तो म्हणाला. "आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी टाकतात." "कोण वाचतं ते?" "ज्याने चूक केली तो. आणि मी." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज बदलून म्हणाला, "तू त्यांना जाऊन सांग. कागदाचं नंतर बघता येईल. तोंडात धरू नका म्हणावं, बस्स." आई इतका वेळ नुसती ऐकत होती. "मला एक कळत नाही," ती म्हणाली, "धुतलं ते चुकलं कसं होईल? न धुता कोणाचं भलं झालंय?" "अगं आई, मी धुतलं आणि त्या धूत नाहीत. मी माझ्या धुतलेल्या पातीवरून त्यांच्या पातीचं सांगितलं." "मग त्यांना धुवायला सांग. त्यात काय एवढं? तीन पाणी." आईने हात पुसले आणि विषय संपला. तिला वाटलं, किती सोपं आहे. सकाळपर्यंत ते सोपंच राहिलं. आंघोळ करताना, बस बदलताना, तळ्याच्या बांधावरून चालताना ती मनात वाक्यं लावत होती: घाबरायचं कारण नाही, फक्त दोन गोष्टी पाळायच्या. दुतर्फा पाणकणीस उभं होतं. तपकिरी कणसं पिकून फुटली होती आणि त्यांचा कापूस वाऱ्यावर सुटून तिच्या बाहीला, केसांना लागत होता. मुळांतला साठा, कापसाची उशी, पातींची चटई, कणसांत पक्ष्यांची घरटी. उपयोगांची ती यादी तिने किती ठिकाणी वाचून दाखवली होती! यादीत तोंड कुठेच नव्हतं.

शेडमध्ये शिरताच नेहमीप्रमाणे बायका उठायला लागल्या. "उठू नका," ती घाईने म्हणाली, "काम चालू द्या. मला काम बघायचंय." त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि पुन्हा बसल्या. थोडा वेळ अवघडलेला गेला. मग हात चालायला लागले, आणि मग, एकीचं बघून दुसरीचं असं करत, चाळीस तोंडांत पाती गेल्या. ज्यांच्या तोंडात पात होती त्या बोलत नव्हत्या, त्यामुळे शेडमध्ये पाती घासल्याचा तेवढा आवाज होता, पुष्कळ माणसं एकदम काहीतरी कुजबुजत असल्यासारखा. भिंतीवर काचेत तिचा कागद होता. ती मावशीजवळ बसली आणि तिने सांगितलं. ठरवलेली वाक्यं पहिल्या मिनिटातच संपली. पुढचं तिने कसंबसं सांगितलं. माझी चूक आहे, असंही म्हणाली. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धुतो की आम्ही! रात्रभर भिजत घालतो. कोरडी पात वळेल का? तडकन मोडते." "कशात भिजत घालता?" "तळ्यात." "नळाच्या पाण्यात घातल्या तर?" "नळ?" मावशीने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक नळ होता, त्याच्याखाली एक बादली. "सकाळी पाऊण तास येतं. प्यायला पुरलं तर नशीब. आणि पाती रोज चार हजार लागतात, ताई." शेजारची एक बाई तोंडातली पात काढून म्हणाली, "ताईंना म्हणावं, पाइप टाकून द्या, आम्ही पातीच काय, मावशीलाही धुऊन काढू." हशा झाला. तीही हसली. हसू ओसरल्यावर मावशी तिच्याकडे निरखून पाहत राहिली. "तळं बंद करायला आलाय का?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. "नाही, नाही," ती म्हणाली. हे आपण सांगायला आलो नव्हतो, आणि याच्या उलटही सांगायला आलो नव्हतो, हे तिला बोलल्यावर कळलं. "मग ठीक आहे," मावशी म्हणाली. "तेवढं नका करू. बाकी बघू हळूहळू. दात असे ना तसे पडायचेच आहेत."

सून दाराजवळ, उजेडात बसली होती. ती तिच्यासमोर जाऊन बसली. "तुला कसं वाटतंय? मळमळ, पोटात कळ, असलं काही?" "होतं की," सून म्हणाली, "सगळ्यांनाच होतं म्हणतात या दिवसांत." या दिवसांचीही हीच लक्षणं, शिशाचीही हीच. कुठलं कशाचं हे रक्त तपासल्याशिवाय कोणीही सांगू शकलं नसतं, आणि तपासून कळलं असतं तरी आत गेलेलं कोणी बाहेर काढणार नव्हतं. "रक्त तपासून घेऊ. मी येते सोबत. मंगळवारी," ती म्हणाली. "बरं." "आणि तोवर तोंडात धरू नकोस. निदान तू तरी." "मग धरू कशात?" सुनेने खरोखरच विचारलं. दोन्ही हात पुढे करून दाखवले: एकात एक पात, दुसऱ्यात दुसरी. "तिसरी ताणल्याशिवाय वीण घट्ट बसत नाही. खिळ्याला बांधून बघितलं मागे, मोडते. दाताला कळतं कुठे थांबायचं ते." मग तिने पर्स बाजूला ठेवली, पुढे सरकली आणि खाली लोंबणारी तिसरी पात स्वतःच्या हातात धरली. "मी धरते." "तुम्ही?" सून खुदकन हसली. "अहो आई, बघा, ताई कामाला लागल्या!" मावशी लांबून ओरडली, "शिकवून ठेव नीट, रोज येणार असतील तर!"

तिला सुरुवातीला जमेना. ढिलं धरलं की वीण सैल पडायची, जास्त ओढलं की पात चिरायची. "जरा वर. आता माझ्याकडे. हां, थांबा," सून सांगत होती आणि दहाएक पातींनंतर सांगायची गरज उरली नाही. हातात एक ओढ यायची, तिला तेवढीच उलटी ओढ द्यायची, सुटली की पुढची पात. चटई वीतभर वाढली. तिला आपण काहीतरी करतोय असं वाटलं, कितीतरी दिवसांनी; आणि हे वाटणं किती लहान आहे हेही त्याच वेळी दिसत होतं. ही एक तोंड रिकामं ठेवून बसली होती. तिच्या पाठीमागे एकोणचाळीस. उद्या शनिवार. सोमवारी तिला व्याख्यान होतं. रोज येऊन एकाच बाईच्या पाती धरायच्या असं ठरवलं तरी अजून किती दिवस, आणि तिच्या शेजारणीच्या कोण धरणार? साठ नमुने, समिती, पाइप, चार हजार पाती, अडीच महिने. ती ओढत होती, सोडत होती. बाहेर उजेड पिवळा झाला होता. सून आता तिच्याकडे बघतही नव्हती. होणाऱ्या बाळासाठी नणंदेने धाडलेल्या टोपड्याबद्दल सांगत होती, की ते एवढं मोठं आहे की त्यात बाळ आणि त्याचा बाप दोघे मावतील. ती ऐकून हसली, आणि हसताना पात बोटांतून सर्रकन सरकली. कड लागली. तर्जनीवर बारीक रेघ उमटली, रेघेवर रक्ताचा थेंब आला, आणि काही विचार करायच्या आत तिने ते बोट, पांढुरकं, करड्या गाळाने माखलेलं, तोंडात घातलं. सुटलेली पात खाली पडायच्या आत सुनेने, बोलणं न थांबवता, मान वाकवून ती दातांत पकडली.